स्क्रीन अडकली होती

माझी नोकरी काय होती असं कोणी घरी विचारलं, की माझे यजमान सांगतात, "ती काळ्या पडद्यावर काहीतरी टाइप करते आणि मग लोकांची बंद पडलेली कामं सुरू होतात." सत्तावीस वर्षांच्या नोकरीचं याहून नेमकं वर्णन मलाही करता आलेलं नाही.

नाशिकमधल्या एका लहानशा कंपनीत मी होते. जिल्ह्यातल्या कारखान्यांचे, दवाखान्यांचे, शाळांचे संगणक सांभाळायची कंत्राटं आम्ही घ्यायचो. माझ्या वाट्याला लिनक्स आलं. लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी एक प्रणाली. घरच्या संगणकावर ती फारशी दिसत नाही, पण मागच्या खोलीत वर्षानुवर्षं न थांबता चालणारी जी यंत्रं असतात, त्यांतल्या पुष्कळांवर तीच असते. तिच्याशी बोलायला चित्रं नाहीत, माउस नाही. काळा पडदा आणि त्यावर अक्षरं. याला आम्ही टर्मिनल म्हणतो. आपण एक ओळ लिहायची, यंत्राने उत्तराची ओळ द्यायची. पण त्याआधी दोघांचं बारीकसारीक गोष्टींवर एकमत व्हावं लागतं. एका ओळीत किती अक्षरं मावतात, पुसायची कळ कोणती, मराठी अक्षरं कशी ओळखायची. हे एकमत म्हणजे टर्मिनलचं सेटिंग. ते बिघडलं तर यंत्र ठणठणीत असतं, माणूसही शहाणा असतो, पण दोघांचं संभाषण वेड्यासारखं होतं.

वणीच्या एका धर्मशाळेत मुक्कामाला आलेल्या सगळ्या भाविकांची नावं एके दिवशी प्रश्नचिन्हं होऊन दिसायला लागली. पानभर नुसती प्रश्नचिन्हं. तिथले म्हातारे व्यवस्थापक मला म्हणाले, "मॅडम, देवीच्या दारात माणूस प्रश्न घेऊनच येतो, ते आम्हाला माहीत आहे. पण रात्री कोणाला कोणती खोली दिली ते कळायला नको का?" भाषेचं एक सेटिंग बदललं गेलं होतं. पाच मिनिटांचं काम. ओझरकडच्या एका दवाखान्यात केसपेपर काढणाऱ्या मुलीची पुसायची कळ चालत नव्हती. दाबली की पुसलं जाण्याऐवजी एक छत्रीसारखं चिन्ह आणि एक अक्षर उमटायचं. तिने चार महिने तक्रारच केली नव्हती. मी विचारलं, "मग इतके दिवस काम कसं केलंस?" ती म्हणाली, "मी ठरवलं, चुकायचंच नाही." तेही पाच मिनिटांचं काम होतं, पण त्या मुलीपुढे मला जरा ओशाळल्यासारखं झालं.

अशा गमती पुष्कळ सांगता येतील, आणि कार्यक्रमांत मी त्या सांगतेही. पण एक प्रकरण मी कधी कोणाला सांगितलं नाही, कारण त्यात ओशाळण्यावर भागलं नाही. ते इथे लिहिते.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत ट्रॅक्टरचे गिअर बनवणारा एक कारखाना होता. नाव सांगत नाही. गिअर आधी लाल होईपर्यंत तापवून तेलात बुडवतात. त्याने दात कठीण होतात, पण काचेसारखे ठिसूळही होतात. म्हणून त्यांना पुन्हा दुसऱ्या एका भट्टीत मंद आचेवर दोन तास ठेवावं लागतं, तेव्हा ठिसूळपणा जातो आणि कठीणपणा राहतो. या दुसऱ्या भट्टीचं तापमान होतं एकशे ऐंशी अंश. यापेक्षा फार वर गेलं, की दात मऊ पडतात आणि गिअर भंगारात जातो.

या भट्टीवर निवृत्ती बोडके होते. मूळचे घोटीकडचे, राहायला सिडकोत. बावीस वर्षं त्याच भट्टीवर. भट्टीपासून दहा पावलांवर काचेची एक केबिन होती. तिथे जुनं, जाडजूड टर्मिनल होतं, आणि त्यातून निघालेली केबल मागच्या खोलीतल्या लिनक्सच्या सर्व्हरला जोडलेली होती. बोडकेभाऊ त्यावर काम करायचे ते असं: एक यादी दिसायची, तिच्यात चार आकडा दाबला की नव्या लॉटचा फॉर्म उघडायचा. फॉर्ममध्ये तापमान आधीच भरलेलं असायचं, एकशे ऐंशी. ते बघायचं, एंटर दाबायचं, यंत्र विचारायचं "मान्य?", पुन्हा एंटर दाबायचं. झालं. चार, एंटर, एंटर. दिवसातून चार वेळा, बावीस वर्षांतली निदान अर्धी वर्षं तरी.

त्या वर्षी जुना सर्व्हर काढून मी नवा बसवला. टर्मिनलं जुनीच ठेवली, कारण धूर-धूळ-तेलात तीच टिकतात. एका रविवारी सगळं हलवलं, सोमवारी सकाळी कारखाना सुरू झाला, कोणाला काही कळलंही नाही. आमच्या धंद्यात याहून मोठी शाबासकी नसते.

पाचेक आठवड्यांनी उत्पादन विभागाचे प्रमुख पाटणकर साहेब यांचा फोन आला. "गायधनी मॅडम, ताबडतोब या. अख्खा लॉट मऊ निघालाय. कानस लावली तर दात लोण्यासारखे निघतायत."

मी गेले. भट्टी चारशे ऐंशी अंशांवर चालली होती. त्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक कळेची नोंद राहायची, कोणत्या टर्मिनलवरून, किती वाजता. मी नोंद काढली. भट्टीच्या टर्मिनलवरून सकाळी अकराच्या सुमाराला चार कळा आल्या होत्या. चार, चार, एंटर, एंटर. पहिल्या चारने फॉर्म उघडला. कर्सर एकशे ऐंशीच्या पहिल्या आकड्यावर होता, त्यामुळे दुसरा चार एकाच्या जागी बसला. एकशे ऐंशीचे झाले चारशे ऐंशी. मग एंटर आणि पुन्हा एंटर, म्हणजे "मान्य".

"बोडके काय म्हणतात?" मी विचारलं.

"म्हणतो, स्क्रीन अडकली होती. चार दाबलं तर काही दिसेना, म्हणून पुन्हा दाबलं. नंतर इलेक्ट्रिशियनने टर्मिनल बंद करून चालू केलं तेव्हा यादी परत दिसली, म्हणून त्याला वाटलं सगळं ठीक झालं."

मी सर्व्हर तपासला. एकही बिघाड नाही. केबल तपासली, व्यवस्थित. आणि मुख्य म्हणजे कळा पोचल्या होत्या, चारही, क्रमाने. मी स्वतःशी हिशेब मांडला: टर्मिनल अडकलं असतं तर कळा पोचल्याच नसत्या. पोचल्या, म्हणजे अडकलं नव्हतं. म्हणजे हा माणूस लक्ष नसताना दोनदा दाबून गेला आणि आता सावरून घेतोय.

तिथल्या तिथे अहवाल लिहून दिला. चार ओळींचा. शेवटची ओळ मला अजून पाठ आहे: "यंत्रणेत कोणताही दोष आढळला नाही, चूक हाताळणाऱ्याची आहे." खाली सही.

भट्टीवर तापमान दाखवणारा एक स्वतंत्र काटा असतो. तो महिनाभरापासून दुरुस्तीला गेलेला होता. पाटणकरांनी ते सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी बाहेर पडले तेव्हा बोडकेभाऊ ऑफिसबाहेरच्या बाकावर बसले होते. मला बघून उठून उभे राहिले. मी "बसा, बसा" म्हणाले आणि निघाले. संध्याकाळी मविप्र कॉलेजच्या बाजूला एका लग्नाला जायचं होतं, ते डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांना निलंबित केलं. चौकशी लावली. मला हे आठवड्याने कळलं आणि वाईट वाटलं, पण माझं काम मी नीट केलं होतं अशी माझी समजूत होती.

आमच्या त्याच कंत्राटात कामगारांना संगणकाची तोंडओळख करून द्यायचं एक कलम होतं. अर्ज कसा लिहायचा, तक्ता कसा करायचा, एवढंच. पहिली तुकडी झाली होती आणि काही आठवड्यांनी दुसरी घ्यायला मी पुन्हा कारखान्यात गेले. पंधरा-वीस जण होते. मी नेहमीचं वाक्य म्हटलं, "लिहिताना अधूनमधून कंट्रोल आणि एस दाबायचं. म्हणजे लिहिलेलं जपून राहतं. वीज गेली तरी पुसलं जात नाही."

स्टोअरमध्ये काम करणाऱ्या शबाना शेख पुढच्याच बाकावर होत्या. त्या हसून म्हणाल्या, "मॅडम, हे बोडकेभाऊंनी एका दिवसात पाठ केलं होतं. तुमच्या पहिल्या क्लासला ते होते ना. दुसऱ्या दिवशी मी स्लिप घेऊन भट्टीवर गेले, तर म्हणतात, थांब शबाना, आधी सेव करू दे, कालच मॅडमनी शिकवलंय."

"भट्टीच्या मशीनवर?" मी विचारलं.

"हां, तिथंच. आणि बघा ना, त्याच दिवशी बिचाऱ्यांचं ते सगळं झालं."

मी फळ्यापाशी उभी होते. हातातला खडू खाली ठेवला. सगळ्यांना एक अर्ज टाइप करायला सांगून मी भट्टीकडे गेले. 

आता हे थोडं समजावून सांगावं लागेल. फार पूर्वी, टर्मिनलला पडदा नव्हता तेव्हा संगणकाचं उत्तर कागदावर छापून यायचं. छापणारं यंत्र सावकाश, संगणक भरभर. कागद अडकला तर संगणकाला "जरा थांब" म्हणायची सोय हवी होती. ती सोय म्हणजे कंट्रोल आणि एस. कंट्रोल आणि क्यू दाबलं की "हं, चालू कर". ती छापणारी यंत्रं कधीच भंगारात गेली, पण ही रीत राहिली. लिनक्सचं टर्मिनल आजही कंट्रोल-एस आलं की गप्प बसतं. पडदा जिथल्या तिथे थिजतो. लिहिणारा नवखा असेल तर त्याला वाटतं यंत्र मेलं. यंत्र मेलेलं नसतं. ते बोलायचं थांबलेलं असतं, ऐकायचं थांबलेलं नसतं. आपण दाबलेली प्रत्येक कळ ते घेतं आणि त्याबरहुकूम कामही करतं. फक्त दाखवत नाही. कंट्रोल-एस मात्र टर्मिनल मधल्या मधेच खातं, प्रोग्रॅमपर्यंत पोचू देत नाही, म्हणून नोंदीत ते दिसत नाही.

ज्या टर्मिनलवर ही रीत नको असेल, तिथे ती बंद करायची एक ओळ सेटिंगमध्ये लिहावी लागते. एसटीटीवाय उणे आयएक्सऑन. इंग्रजीत, मधली मोकळी जागा धरून, दहा अक्षरं.

भट्टीवर नवीन माणूस होता. एक लॉट नुकताच बाहेर काढला होता, दुसरा भरायचा होता. मी त्याला थांबायला सांगितलं, टर्मिनलपाशी बसले आणि कंट्रोल-एस दाबलं. मग यादीतला एक साधा, निरुपद्रवी आकडा दाबला. पडद्यावर काही हललं नाही. पुन्हा दाबला. काही नाही. तो माणूस मागून म्हणाला, "मॅडम, अडकली स्क्रीन." मी कंट्रोल-क्यू दाबलं. माझ्या दोन्ही कळांची उत्तरं पडद्यावर एकदम येऊन पडली.

मागच्या खोलीत जाऊन जुन्या सर्व्हरची जपून ठेवलेली प्रत उघडली. ती ओळ तिथे होती. माझ्या आधी काम करणाऱ्याने ती मुख्य फाईलमध्ये न लिहिता एका आडबाजूच्या फाईलमध्ये लिहिली होती. मी मुख्य फाईल उतरवून घेतली, ती राहून गेली. जुन्या सर्व्हरवर बोडकेभाऊंनी शंभर वेळा कंट्रोल-एस दाबलं असतं तरी काही झालं नसतं. नव्यावर एकदा पुरलं. आणि ते दाबायला मीच शिकवलं होतं.

मला हे माहीत नव्हतं असं नाही. कंट्रोल-एस आमच्या धंद्यातली पहिल्या महिन्यात कळणारी गोष्ट. मी स्वतः कितीतरी नव्या मुलामुलींना ती हसत हसत सांगितलेली आहे. मला फक्त एक प्रश्न विचारायचा होता, "अडकायच्या आधी तुम्ही शेवटचं काय दाबलंत?" तो माणूस माझ्यापासून वीस फुटांवर बाकावर बसला होता.

ओळ टाकली. क्लास संपवला. पाटणकरांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता. म्हणाले, "ओळ टाकलीत ना? मग पुन्हा होणार नाही. आता असं करू. बोडकेला मी चार दिवसांत परत घेतो. एक ताकीदपत्र देऊ आणि विषय संपवू. तुम्ही हे लिहून कशाला देता? तुमच्या कंपनीला अडचण, आम्हालाही अडचण. त्या काट्याचं पण निघेल मग."

"ताकीद कशाची?"

"निष्काळजीपणाची. काहीतरी द्यावं लागतं, मॅडम. सात आठवडे माणूस बाहेर बसवलाय."

खोटं कशाला सांगू, मला सुटल्यासारखं वाटलं. त्यांची नोकरी परत मिळतेय, माझं नाव राहतंय, कोणाचं काही बिघडत नाही. मी "बघते" म्हणून घरी आले आणि दोन दिवस काहीच केलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांना निदान आपण स्वतः सांगावं म्हणून सिडकोत त्यांचं घर शोधत गेले.

दार त्यांच्या बायकोने उघडलं, सिंधूताईंनी. मी नाव सांगितल्यावर त्यांनी दार पूर्ण उघडलं नाही. आतून बोडकेभाऊ म्हणाले, "येऊ दे गं." मी आत गेले. एक खोली आणि स्वयंपाकघर. कॉटवर एक मोठं पाकीट पडलं होतं, एक्स-रेचं असतं तसं.

मी जे झालं ते सांगितलं. जमेल तितक्या सोप्या शब्दांत. स्क्रीन खरंच अडकली होती. तुम्ही दाबलेलं यंत्राला कळत होतं, पण ते तुम्हाला दाखवत नव्हतं. चूक माझी होती, एक ओळ लिहायची राहिली होती. आणि कंट्रोल-एस दाबायला मीच सांगितलं होतं.

बोडकेभाऊ पुढे सरकून बसले. मग म्हणाले, "म्हंजे माझं डोकं नाय बिघडलेलं?"

मला कळलं नाही.

सिंधूताई बोलल्या. "ह्यांना वाटू राहिलं होतं, विसरायचा आजार लागला. ते साहेब म्हणले, मशीनमंदी लिहिल्यालं हाय, तूच दाबलं. मशीन खोटं बोलत नाय. तवापासून रोज तेच. मी चारशे ऐंशी टाकलं तर मला आठवत कसं नाय? गॅस बंद केला का म्हणून चारदा उठून बघायचे. नातीला शाळेत सोडायला जायचं बंद केलं, म्हणले रस्त्यात तिचा हात सोडला तर. शेवटी डोक्याचा फोटो काढून आणला." त्यांनी कॉटवरच्या पाकिटाकडे बोट केलं. "डॉक्टर म्हणला काही नाय. तर म्हणले, डॉक्टरला सापडलं नसंल."

"सिंधू," बोडकेभाऊ म्हणाले.

"सांगू द्या मला. ताई, तुम्ही त्या दिशी ह्यांना एकदा इचारलं असतं, तर काय झालं असतं?"

 मी म्हणाले, "विचारायला हवं होतं."

"आता आल्या तुम्ही," त्या म्हणाल्या. एवढंच. मग आत गेल्या आणि चहा टाकला. मी मान खाली घालून तो प्यायले. बोडकेभाऊ मात्र तोपर्यंत मोकळे झाले होते. मला पुन्हा पुन्हा विचारत होते, "मंग यंत्र ऐकत होतं? आन् मला वाटलं ते झोपलं." ताकीदपत्राचं मी त्यांना सांगितलंच नाही. सांगण्यासारखं राहिलंच नव्हतं. उठताना एवढंच म्हणाले की चौकशीच्या दिवशी मी येणार आहे.

घरी येऊन दुसरा अहवाल लिहिला. हा चार ओळींत मावला नाही. आमच्या मालकांना आधी दाखवला. ते म्हणाले, "तुला कळतंय ना तू काय लिहिलंयस?" मी म्हणाले, कळतंय. त्यांनी अडवलं नाही, एवढं श्रेय त्यांना.

चौकशीला पाटणकर, कारखान्याचे कर्मचारी अधिकारी आणि युनियनचा एक प्रतिनिधी होता. बोडकेभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून कडेच्या खुर्चीत. मी अहवाल वाचून दाखवला. कर्मचारी अधिकारी म्हणाले, "हे तांत्रिक आहे, आम्हाला समजत नाही." ते खरंच होतं. मग मी म्हणाले, "भट्टी रिकामी ठेवून पाच मिनिटं तिकडे चला."

सगळे केबिनमध्ये आले. मावत नव्हते, दोघे दारात उभे राहिले. मी ती ओळ तात्पुरती काढली आणि कंट्रोल-एस दाबलं. मग पाटणकरांना म्हणाले, "साहेब, तुम्ही बसा. नवा लॉट लावायचाय. कसा लावतात तुम्हाला माहीत आहे."

ते बसले. चार दाबलं. पडद्यावर यादी तशीच. त्यांनी माझ्याकडे बघितलं.  त्यांनी पुन्हा चार दाबलं, जरा जोरात, आपण लिफ्टचं बटण दाबतो तसं. मग एंटर. मग थांबून पुन्हा एंटर. "काही होत नाहीये," ते म्हणाले.

मी हात पुढे करून कंट्रोल-क्यू दाबलं. यादी गेली, फॉर्म आला, फॉर्म गेला, आणि पडद्यावर ओळ उमटली: तापमान ४८०, मान्य.

बाहेर भट्टीचा पंखा वेग घेऊ लागला. पाटणकर दचकून उठले. "बंद करा, बंद करा." मी बंद केलं. ते उभ्या उभ्या त्या आकड्याकडे बघत राहिले. मग बोडकेभाऊंकडे वळून म्हणाले, "निवृत्ती, मी पण हेच केलं रे."

बोडकेभाऊ म्हणाले, "हो ना साहेब. माणूस दुसरं काय करंल?"

निलंबन मागे घेतलं. ताकीद दिली नाही. पहिला अहवाल रद्द समजावा असं पत्र मी लिहून दिलं, ते त्यांच्या सेवापुस्तकाला लावलं. भट्टीवरचा काटा त्याच आठवड्यात दुरुस्त होऊन आला. पुढच्या वर्षी त्या कारखान्याचं कंत्राट दुसऱ्या कंपनीला गेलं. याच कारणाने गेलं असं कोणी म्हणालं नाही, आणि मीही विचारलं नाही.

त्यानंतर जितकी वर्षं काम केलं, तितकी वर्षं एक केलं. तक्रार आली की आधी यंत्रापाशी जायचं नाही, माणसापाशी जायचं. नोंद खोटं बोलत नाही, हे खरं आहे. पण ती विचारल्याएवढंच सांगते. या धंद्यात शिकायला येणारी मुलं हुशार असतात, नोंदी माझ्यापेक्षा भरभर वाचतात. त्यांना मी ही गोष्ट सांगायला हवी होती. गंमत म्हणून कंट्रोल-एस सांगितलं, ही सांगितली नाही.

कंत्राट संपायच्या आधी शेवटचं एकदा मी त्या कारखान्यात गेले होते. दुपारची वेळ होती. बोडकेभाऊ केबिनमध्ये होते, तब्येत सुधारलेली दिसत होती. नातीला पुन्हा शाळेत सोडायला लागलो म्हणाले. तेवढ्यात लॉट भरून झाला. त्यांनी चार दाबलं, फॉर्म आला. मग त्यांनी एंटरवर बोट ठेवलं, पण दाबलं नाही. दाराकडे बघून हाक मारली, "ए, कोण हाय रे तिकडं? जरा ये." बाहेरचा माणूस कंटाळल्या चेहऱ्याने हसत माझ्याकडे बघून म्हणाला, "रोज प्रत्येक लॉटला बोलावतात, मॅडम. आकडा बघायला. काटा हाय, स्क्रीन हाय, तरी माणूस पाहिजे."

"तुम्ही थांबा," मी त्याला म्हणाले आणि आत गेले.

बोडकेभाऊंनी पडद्यावर बोट ठेवलं. "एकशे ऐंशी. बघा बरं, मॅडम."

मी खाली वाकले, चष्मा नीट केला आणि एकेक आकडा वाचला.

"एकशे ऐंशीच आहे, बोडकेभाऊ."

त्यांनी एंटर दाबलं.